देव्हारा रिकामा का? बालीच्या हिंदूंविषयी विचारलंत म्हणून

प्रश्न असा आहे: "मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन बालीला चाललोय. तिथले लोक हिंदू, असं सगळे सांगतात. पण व्हिडिओत बघावं तर देवळात मूर्ती नाही, नैवेद्याला डुक्कर. हे नक्की कसले हिंदू? आणि इंडोनेशियासारख्या मुस्लिम देशात हे एवढं एकच बेट हिंदू कसं राहिलं?"

सतरा वर्षं मराठी ग्रुप घेऊन मी बालीला जातोय. विमानतळावरून हॉटेलात पोचेपर्यंत बसमध्ये हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एक चित्र आधीच तयार असतं: फार पूर्वी भारतातून हिंदू जावाला गेले, तिथं इस्लाम आला तसे ते बालीत पळाले, आणि तेव्हापासून तो धर्म बरणीतल्या लोणच्यासारखा झाकण लावून जपून ठेवलेला आहे. पहिली चार-पाच वर्षं मीही माइकवर हेच सांगायचो. ऐकायला छान वाटतं, लोक टाळ्याही वाजवतात. पण ते खरं नाही. बालीचा धर्म बरणीत कधीच नव्हता. तो सतत बदलत आलाय, आणि बरणीची कल्पना कुठून आली तेही पुढं सांगतो.

आधी मूर्तीचं.

बालीच्या देवळाला म्हणतात 'पुरा'. हा आपलाच 'पुर' शब्द. छत नसलेली तीन अंगणं, एकातून दुसऱ्यात जायचं. बाहेरचा दरवाजा डोंगर मधोमध चिरून दोन्ही अर्धे बाजूला सरकवावेत तसा दुभंगलेला. सगळ्यात आतल्या अंगणात काळ्या केसांसारख्या तंतूंनी शाकारलेली छपरांची उतरंड असते, तिला 'मेरू' म्हणतात. छपरं नेहमी विषम संख्येत, जास्तीत जास्त अकरा. आणि कोपऱ्यात उंच दगडी 'पद्मासन'. तळाला कासव, त्याला विळखा घातलेले नाग, आणि वर पाठ असलेली खुर्ची. रिकामी.

ती रिकामी असते कारण देव तिथं राहत नाही, येतो. देवळाचा वाढदिवस, म्हणजे 'ओडालान', बहुतेक ठिकाणी दर २१० दिवसांनी असतो. त्या दोन-तीन दिवसांत देव डोंगरावरून खाली उतरतात, त्यांना बसायला जागा, खायला नैवेद्य, बघायला नाच आणि ऐकायला गामेलान, म्हणजे तिथला वाद्यवृंद, लागतो. मग त्यांची पाठवणी होते आणि देऊळ पुन्हा मोकळं अंगण. आईला समजावताना एवढंच सांगा, की गौरी आणतो ना आपण, पावलं उमटवत, जेवू घालून तिसऱ्या दिवशी वाटेला लावतो, तसं. आमच्या ग्रुपमधल्या बायकांना हे एका वाक्यात कळतं. पुरुषमंडळी मात्र 'पण मग एरवी नमस्कार कुणाला करायचा' म्हणून अडून बसतात.

नैवेद्याबद्दल. बालीत उतरल्यावर पहिल्यांदा पायाखाली येणारी गोष्ट म्हणजे 'चनांग सारी'. (अक्षरशः पायाखाली. फुटपाथवर, दुकानाच्या उंबऱ्यात, स्कूटरच्या सीटवर, एटीएमच्या दाराशी.) माडाच्या कोवळ्या पातीची हातभर नव्हे, तळहाताएवढी चौकोनी डबी. तिच्यात सगळ्यात खाली विड्याचं पान, सुपारी आणि चुना यांचा चिमुकला विडा. वर फुलं, आणि ती मन मानेल तशी नाहीत: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा गडद. पूर्वेचा ईश्वर, दक्षिणेचा ब्रह्मा, पश्चिमेचा महादेव, उत्तरेचा विष्णू. त्यावर उदबत्ती. बाई कमरेला कापडी पट्टा बांधून येते, डबी ठेवते, फुलानं पाणी शिंपडते, उजव्या हातानं उदबत्तीचा धूर देवाकडे हलकेच तीनदा लोटते आणि पुढच्या दाराशी जाते. अर्ध्या तासानं कुत्रं येऊन त्यातलं बिस्किट खातं. कुणी हाकलत नाही. अर्पण झालं, काम झालं.

सकाळी भात शिजला की घरातलं कुणी तोंड लावायच्या आत केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूटचिमूट भात चुलीपाशी, पाण्यापाशी, अंगणातल्या देव्हाऱ्यात ठेवला जातो. आजोबा वैश्वदेव करत असतील, तर त्यांना बालीत काही वेगळं वाटणार नाही. पंचमहायज्ञही तिथं नावानिशी जिवंत आहेत: देव, पितर, ऋषी, मनुष्य आणि भूत, असे पाच 'यज्ञ'. सगळे सणवार, बारसं, अंत्यविधी या पाच खणांत बसतात. भुतांसाठीचा नैवेद्य जमिनीवर, आणि त्यावर दारूचे थेंब.

डुक्कर यातच येतं. त्यांच्या मोठ्या नैवेद्यात कोंबडी, बदक, डुक्कर असतं. देवळाच्या आवारात रक्त सांडण्यासाठी कोंबड्यांची झुंजही लावतात. ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी कोकणातल्या राखणदाराची आणि कुळाचाराच्या बोकडाची आठवण करून देतो. हिंदू म्हणजे शाकाहारी हे समीकरण आपल्याच गावात टिकत नाही, बालीत कुठून टिकेल? शुद्ध शाकाहारी असाल तर हॉटेलात सोय होते. पण देवळाबाहेरच्या 'लावार'ला भाजी समजून हात लावू नका. त्यात मांस असतं आणि बरेचदा ताजं रक्तही.

एक विधी मात्र आपल्याकडे नाही, आणि मला तो सगळ्यात आवडतो. मुलगा-मुलगी वयात आली की वरचे सहा दात, सुळ्यांपासून सुळ्यांपर्यंत, कानशीनं थोडे घासून सपाट करतात. सहाच का? तर काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. 'सद् रिपू' म्हणतात ते. आपण षड्रिपू प्रवचनात ऐकतो आणि चप्पल शोधायला लागतो. त्यांनी ते दातांवर मोजून ठेवलेत.

आता इतिहास. भारतीय मोठ्या संख्येनं जाऊन बालीत वसले, असा पुरावा नाही. व्यापार मात्र फार जुना. उत्तर किनाऱ्यावरच्या सेंबिरान गावात दोन हजार वर्षांपूर्वीची भारतीय बनावटीची खापरं सापडलीत. पुढं स्थानिक राजांनी संस्कृत, शैव आणि बौद्ध विधी, पदव्या हे सगळं आपल्या गरजेनुसार उचललं. सानूरला ब्लांजोंग नावाचा शिलास्तंभ आहे, इसवी सन ९१४ चा, श्री केसरी वर्मदेव राजाचा. बीचच्या गर्दीपासून पाच मिनिटांवर, गल्लीत, आणि तिथं पर्यटक जवळजवळ नसतात. त्याची गंमत बघा: जुन्या बाली भाषेतला मजकूर नागरी लिपीत कोरलाय आणि संस्कृत मजकूर स्थानिक लिपीत. फुली मारल्यासारखी अदलाबदल. दुसऱ्याची वस्तू निमूट स्वीकारणारा माणूस असं करत नाही. ती आपलीच समजणारा करतो.

अकराव्या शतकाच्या आसपास राजा उदयन आणि त्याची जावाची राणी महेंद्रदत्ता यांचं राज्य. त्यांचा एक मुलगा ऐरलंग पूर्व जावाचा राजा झाला, म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी होती. तांपाकसिरिंगचं गुनुंग कावी त्याच शतकातलं. नदीच्या घळीत कातळात कोरलेली दहा स्मारकं आहेत. आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून जा, पायऱ्या अडीचशेच्या वर आहेत आणि येताना सगळ्या चढाच्या.

१३४३ मध्ये जावाच्या मजापहित साम्राज्यानं बाली जिंकलं. पुढं मजापहित खचलं, जावाच्या किनाऱ्यावर मुस्लिम सत्ता आल्या, आणि दरबारी, पुरोहित, कवी बालीत आले. बरणीच्या गोष्टीतला हा भाग खरा आहे. सोळाव्या शतकात आलेले दांगह्यांग निरर्थ हे त्यातलं मोठं नाव. रिकाम्या पद्मासनाची प्रथा त्यांनी आणली असं मानतात, आणि बालीचे शैव ब्राह्मण पुरोहित त्यांनाच मूळपुरुष मानतात. म्हणजे मूर्तीची जागा रिकामी ठेवणं हीसुद्धा बालीच्या मानानं पाचशे वर्षांपूर्वीची सुधारणा.

हे बेट मुस्लिम का झालं नाही? 'श्रद्धा बळकट होती' हे उत्तर मला पुरत नाही. बालीतल्या गेलगेलचे राजे तेव्हा जोरात होते, पूर्वेच्या लोंबोकपर्यंत त्यांचा वचक होता. मसाल्याच्या व्यापाराची मोठी बंदरं बालीत नव्हती, किनाऱ्याला प्रवाळ, त्यामुळे व्यापाऱ्यांच्या वस्त्यांतून धर्म पसरायची वाट अरुंद. आणि जावाचं पूर्व टोक, ब्लांबांगान, अठराव्या शतकापर्यंत हिंदूच राहिलं, मधली भिंत म्हणून. 'एकच बेट' हेही तितकंसं बरोबर नाही. लोंबोकच्या पश्चिमेला हिंदू आहेत, जावात ब्रोमो डोंगराच्या आसपास तेंग्गेर लोक आहेत. उलट बालीतही जुनी मुस्लिम गावं आहेत. उत्तरेच्या पेगायामानमध्ये मुसलमान मुलांची नावं वायान, नेंगाह, न्योमान, केतुत अशीच सुरू होतात, कारण बालीत पहिल्यापासून चौथ्यापर्यंतच्या मुलांची ही क्रमानं ठरलेली नावं आहेत. पाचव्याला पुन्हा वायान.

मग डच. उत्तर बाली त्यांनी १८४९ पर्यंत घेतलं. दक्षिणेसाठी निमित्त ठरलं १९०४ मध्ये सानूरला फुटलेलं एक गलबत आणि त्याच्या लुटीची भरपाई. २० सप्टेंबर १९०६ ला दक्षिणेतल्या बादुंगचा राजा, राण्या, मुलं, पुरोहित, सेवक पांढरे कपडे घालून, दागिने चढवून, हातात कट्यारी घेऊन वाड्यातून बाहेर पडले आणि बंदुकांवर चालत गेले. जे गोळीनं मेले नाहीत त्यांनी स्वतःला किंवा एकमेकांना संपवलं. 'पुपुतान', म्हणजे शेवट. १९०८ मध्ये क्लुंगकुंगला तेच. देनपासारच्या मधोमध आज त्या जागी मैदान आहे, संध्याकाळी पोरं पतंग उडवतात. ग्रुपला मी तिथं पाच मिनिटं गप्प उभं करतो, जास्त बोलत नाही. (जोहारची आठवण कुणीतरी काढतंच. काढू देतो. पण बालीत राजांच्या विधवांना जाळण्याची प्रथाही १९०३ पर्यंत होती, हेही सांगतो.)

या रक्तपातानं डचांची युरोपात नाचक्की झाली, आणि मग त्यांना बाली 'जपायची' हुक्की आली. शाळांत बाली नाच, बाली वेष, बाली भाषा. वरच्या तीन वर्णांना वेठबिगारीतून सूट दिली, त्यामुळे आधी सैल असलेली जातीची उतरंड कागदावर घट्ट झाली. बरणी ही. तिचं झाकण डचांनी लावलं, आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी तिला लेबल चिकटवलं. उलुवातुला सूर्यास्ताला 'चाक-चाक' करत रामायण सांगणारा केचक नाच बघाल, तोही आजच्या रूपात १९३० च्या दशकातला. प्राचीन म्हणून कुणी सांगितलं तर मान डोलवा, वाद घालू नका. नाच उत्तम आहे.

स्वातंत्र्यानंतर खरी कसोटी आली. नव्या इंडोनेशियात धर्म म्हणून मान्यता हवी तर एक देव, प्रेषित आणि ग्रंथ दाखवा, असा धर्मखात्याचा आग्रह होता. बालीवाल्यांकडे ताडपत्रांच्या पोथ्यांचे ढीग होते, पण ग्रंथ कोणता म्हणावं? देव असंख्य, प्रेषित नाहीच. म्हणजे सरकारी भाषेत ते 'अजून धर्म नसलेले'. त्या काळात बालीतून तरुण शिकायला भारतात आले. त्यांतले एक इदा बागुस मंत्र शांतिनिकेतनात शिकले आणि पुढं बालीचे गव्हर्नर झाले. त्यांच्या पिढीनं मांडणी केली: एक देव, 'सांग ह्यांग विधी वासा', बाकीचे त्याचीच रूपं. श्रद्धेची पाच तत्त्वं: ब्रह्म, आत्मा, कर्मफल, पुनर्जन्म, मोक्ष. १९५८ मध्ये मान्यता मिळाली, १९५९ मध्ये 'परिसद धर्म हिंदू बाली' ही संस्था निघाली.

याचा तुम्हाला दिसणारा परिणाम असा, की सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला रेडिओ-टीव्हीवर 'त्रिसंध्या' लागते आणि तिचं पहिलं कडवं गायत्री मंत्र. आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी कुणाचे तरी डोळे भरतात: "बघा, हजार वर्षं जपलं यांनी!" ती सहा कडव्यांची प्रार्थना विसाव्या शतकाच्या मध्यात जुळवलेली आहे, तीही एका भारतीय पंडिताच्या हातून.

मग हजार वर्षांचं काहीच नाही का? आहे, फक्त ते लाउडस्पीकरवर नाही. एकदा उबुदजवळच्या एका अंत्यविधीला आम्हाला बसू दिलं होतं. पेडांडा, म्हणजे मुख्य पुरोहित, उंच मचाणावर बसून डाव्या हातानं घंटी वाजवत पाणी मंत्रत होते. ओठातल्या ओठात, भराभर. आमच्या नाशिकच्या एक काकू एकदम माझा दंड धरून म्हणाल्या, "अहो, हे मंगलाष्टक आहे!" मी कान दिला. गंगा, सिंधु, सरस्वती, यमुना, गोदावरी, नर्मदा, कावेरी, शरयू... तोच श्लोक. आपण तो अक्षता हातात घेऊन ऐकतो, ते त्यातून साध्या पाण्याचं 'तीर्थ' करतात. गोदावरी म्हणणाऱ्या त्या पेडांडांनी ती कधी पाहिली नसणार. काकूंचं घर तिच्या काठावर.

बालीचे जुने लोक आपल्या धर्माला 'आगम तीर्थ' म्हणायचे, पाण्याचा धर्म. मला वाटतं सगळ्याची किल्ली तिथं आहे. भातखाचरांचं पाणी वाटणाऱ्या 'सुबाक' नावाच्या शेतकरी मंडळ्या अकराव्या शतकाच्या लेखांतही सापडतात. प्रत्येक सुबाकचं देऊळ, त्यावर बंधाऱ्याचं देऊळ, सगळ्यात वर बातुर सरोवराच्या देवीचं. कुणी कधी लावणी करायची ते देवळातल्या बैठकीत ठरतं. १९७० च्या दशकात सरकारनं नवं बियाणं आणलं आणि सांगितलं, थांबू नका, पीक घेत राहा. कीड बोकाळली, पाण्याची भांडणं लागली. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन अभ्यासकानं नंतर संगणकावर हिशेब मांडून दाखवलं, की शेजारच्या गावांनी एकाच वेळी शेत रिकामं ठेवलं तर किडीला खायला उरत नाही. देवळांचं वेळापत्रक नेमकं तेच साधत होतं. २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबाकला जागतिक वारसा म्हटलं. जातिलुवीहला खाचरांच्या बांधावर फोटो काढाल, तेव्हा पाटाच्या फाट्यावरची छोटी देवळी शोधा. पाणी तिथून वाटलं जातं.

आता तुमच्या तारखा. मार्चमध्ये जाताय तर 'न्येपी' कधी आहे ते तिकिटाआधी बघा. बालीत दोन पंचांगं चालतात. एक २१० दिवसांचं: गालुंगानचा सण, पुस्तकं न वाचता पुजायचा सरस्वतीचा दिवस, हत्यारं आणि हल्ली स्कूटर-गाड्या पुजायचा तुंपेक लांदेप (खंडेनवमीच म्हणा) हे सगळे त्यावर. दुसरं चांद्र, आणि ते चक्क शालिवाहन शकाचं. त्याचा वर्षारंभ न्येपी. बरेचदा तो पाडव्याच्या आगेमागेच येतो. २०२३ आणि २०२६ ला तर एकच दिवस. कधी अधिक महिना धरण्याच्या फरकानं महिनाभर लांबही जातो, जसा २०२४ ला.

आदल्या संध्याकाळी राक्षसांचे अवाढव्य पुतळे, 'ओगोह-ओगोह', ढोल-झांजांत मिरवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे सहापासून चोवीस तास सगळं बंद. आग नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड नेसलेले 'पेचलांग' रस्त्यावर पहारा देतात. हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पहिल्या वर्षी मी या दिवशी डोंगरावरच्या देवळाची सहल लावून बसलो होतो. हॉटेलचा मॅनेजर माझा कागद बघून इतका हसला, की खुर्चीत बसला.

२०२३ ला मात्र ठरवून गेलो. आमच्यातल्या एका जोडप्यानं तांब्या, खण, साखरेची गाठी पुण्याहून आणली होती, फक्त काठी नव्हती. आदल्या दिवशी माळ्याकडे बांबू मागितला. त्यानं तासून, पुसून दिला आणि काय करताय ते बघत उभा राहिला. गालुंगानला प्रत्येक घरापुढं वाकलेला, नटवलेला उंच बांबू उभा करतात, 'पेंजोर'. खण बांधून तांब्या पालथा घातल्यावर माळी हसून म्हणाला, "पेंजोर केचिल." छोटा पेंजोर. सकाळी गुढी खोलीतच उभारली, निरांजन न लावता. त्या रात्री अख्ख्या बेटावर एक दिवा नव्हता. समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता आणि आभाळ चांदण्यांनी गच्च होतं.

शेवटी थोडं कामाचं. परदेशी प्रवाशांना दीड लाख रुपियाचा कर आहे, ऑनलाइन आधीच भरा. देवळात कमरेला सारोंग आणि वर पट्टा, पुरुषांनाही. पाळी असेल किंवा घरात सुतक असेल तर आत जायचं नाही, तशी पाटीच असते. चनांगवर पाय पडला तर घाबरू नका, पण ओलांडू नका. तीर्था एंपुल देवळाच्या कुंडात आई-बाबांना स्नान करायचं असेल तर डावीकडच्या धारेपासून सुरुवात करा आणि एकेक करत उजवीकडे सरका. त्यांतल्या दोन धारा मृतांच्या विधीच्या आहेत. त्या कुठल्या ते शेजारच्या बाली माणसाला विचारा आणि त्या सोडून पुढं जा.